चेनसॉची चेन स्वतः जोडताना

प्रश्न : माझ्या चेनसॉचा बार, म्हणजे चेन ज्याच्याभोवती फिरते ते पाते, 16 इंची आहे. त्यासाठी ‘16 इंची’ म्हणून आणलेली नवी चेन इतकी सैल निघाली, की ताणाचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ती बारखाली लोंबतच राहिली. आता रोलमधून हवी तेवढी चेन तोडून घ्यावी आणि स्वतःच जोडावी, असा विचार आहे. मापे कशी घ्यावीत? रिवेट हातोडीने ठोकले तर चालतील का?

उत्तर : आपली फसगत झाली ती ‘16 इंची’ या शब्दाने, कारण बारची लांबी हे चेनचे माप नव्हे. चेनची मापे तीन असतात : पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेतून धावणाऱ्या कड्यांची, संख्या. कड्या जोडणाऱ्या लागोपाठच्या तीन रिवेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याचे निम्मे केले, की पिच मिळतो. ते अंतर साधारण 16.5 मिलिमीटर भरले तर पिच 0.325 इंच आणि 19 भरले तर 3/8 इंच समजावा. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी, 1.5 मिलिमीटरची चेन 1.6 च्या खाचेत घातली तर ती डुलते आणि काप तिरका जातो. ड्राइव्ह लिंक मात्र आधीच्या, नीट बसणाऱ्या चेनवर खडूने खूण करून एकेक मोजाव्यात, कारण त्याच 16 इंची बारला एका यंत्रावर 66 तर दुसऱ्यावर 67 लागू शकतात.

66 लिंकच्या नेहमीच्या चेनमध्ये दाते 33 येतात. 33 ही विषम संख्या आणि दात्यांचा डावा-उजवा असा क्रम असल्यामुळे जोडाच्या जागी एकाच बाजूचे दोन दाते लागोपाठ पडतात. तो दोष नव्हे, त्यासाठी चेन पुन्हा तोडू नये.

हातोडीचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. मीही सुरुवातीला एक जोड हातोडीनेच ठोकला होता. दिसायला तो चांगला होता, पण ती कडी ताठ झाली, बारच्या टोकाशी वळताना दर फेरीला अडखळू लागली आणि शेजारची, कड्या जोडणारी पट्टीही झिजली. जोडण्यासाठी पिना, म्हणजे डोके न केलेले रिवेट, आधीच बसवलेली एक पट्टी आणि तिच्यावर समोरून बसणारी दुसरी सपाट पट्टी, अशी जोडी मिळते. ती चेनच्याच उत्पादकाची आणि त्याच पिच-गेजची घ्यावी. रिवेट फिरवण्याच्या यंत्राचा दांडा सावकाश फिरवत गेले, की पिनेचे टोक चारी बाजूंनी सारखे पसरून गोल डोके तयार होते. मधूनमधून थांबून कडी बोटांनी हलवून पाहावी. ती शेजारच्या कड्यांइतकीच सहज वळली पाहिजे, मात्र पट्टी पिनेवर हलता कामा नये. एकदा काढलेली पिन पुन्हा वापरू नये. तुटलेली चेन माणसाच्या अंगावर येऊ शकते, म्हणून नव्या जोडाची चेन पहिल्यांदा चालवताना चेनच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

खर्चाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. एकाच यंत्रासाठी रोल, तोडणी यंत्र आणि रिवेट यंत्र घेणे परवडत नाही. ड्राइव्ह लिंकची संख्या सांगून दुकानातूनच चेन जोडून घ्यावी. तीन-चार यंत्रे रोज चालत असतील, तर मात्र स्वतः जोडणेच सोयीचे.

प्रश्न : दात्यांचा प्रकार कोणता निवडावा?

उत्तर : ओल्या, स्वच्छ लाकडासाठी चौकोनी कोपऱ्याचा दाता वेगाने कापतो, पण मातीचा एक ओरखडाही त्याची धार घालवतो. वाळलेल्या किंवा माती लागलेल्या ओंडक्यांसाठी गोलसर कोपऱ्याचा दाता घ्यावा. तो थोडा सावकाश चालतो, पण धार जास्त वेळ टिकवतो. ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या असतील, तर नेहमीच्या 30 अंशांऐवजी 10 अंशांची धार असलेली चेन लागते. 0.325 पिचच्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस चालते.