ट्रॉलीचा एक्सल बदलला, आरसी मात्र जुनीच

प्रश्न: २०१७ मध्ये गावातल्या वर्कशॉपमधून दोन चाकी ट्रॉली बनवून घेतली, आरटीओत पासिंगही केलं. उसाच्या ओझ्याने एक्सल वाकायचा, म्हणून यंदा भंगारातल्या ट्रकचा जाड एक्सल बसवला, दोन्हीकडे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवले, टायर मोठे घातले. आता हंगामात कारखान्याची ऊसवाहतूक घ्यायची आहे. गावात म्हणतात, शेतीच्या ट्रॉलीला कोण विचारतं. खरं का?

उत्तर: खरं नाही, आणि हंगाम सुरू होण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ट्रॅक्टरची आरसी वेगळी, ट्रॉलीची वेगळी. घासलेला पाटा काढून तसाच दुसरा टाकला तर ती दुरुस्ती. तुम्ही केलंय ते तसं नाही. एक्सल, पाटे आणि टायर बदलल्यावर ट्रॉलीचं रिकामं वजन आणि टायरची मापं आरसीशी जुळणार नाहीत. कलम ५२ नेमका हाच फरक पडू देत नाही. विनापरवानगी केलेल्या बदलासाठी मालकाला कलम १८२अ(४) लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण मला काळजी आहे ती वजनाची. एक्सल जाड झाला म्हणून कायद्याने एक मोळीही जास्त भरता येत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन हीच मर्यादा (कलम ११३). ती ओलांडली तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये, वर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. शिवाय एक्सल पेलेल, पण ट्रॉलीची चासी, ड्रॉबार (ट्रॅक्टरला जोडायचा दांडा) आणि ट्रॅक्टरचा हुक जुन्याच ओझ्याच्या हिशेबाचे आहेत. उतारावर मागचं ओझं ट्रॅक्टरला ढकलतं, तेव्हा जाड एक्सल ब्रेकचं काम करत नाही.

अपघातात कुणी दगावलं, तर ड्रायव्हरवर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणामुळे मृत्यू) लागू शकतं आणि भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. विमा कंपनी न कळवलेला बदल, जादा वजन आणि ‘फक्त शेतीसाठी’ घेतलेली पॉलिसी, तिन्ही मुद्दे काढणार. न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही वसुली लाखांत जाऊ शकते आणि थेट तुमच्या जमिनीपर्यंत पोचू शकते. तुमचा स्वतःचा ऊस नेणं वेगळं, भाड्याने दुसऱ्यांचा नेणं वेगळं. नटवर पारीख प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने माल वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला मालवाहू वाहन धरून परमिट लागतं असं म्हटलं आहे. तेव्हा कारखान्याशी करार करण्याआधी परमिटचं आरटीओत आणि पॉलिसीचं विमा कंपनीत, दोन्हीकडे लेखी विचारा.

आता करायचं काय? ज्या वर्कशॉपने पासिंगच्या वेळी विक्री प्रमाणपत्र दिलं, त्याच्याकडे आधी जा. हा एक्सल, हे पाटे, हे टायर त्या ट्रॉलीच्या मूळ रचनेत बसतात असं तो लेखी देत असेल तरच पुढे वाट आहे. के. जयचंद्र प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, त्यामुळे नुसत्या अर्जावर आरटीओ मान डोलावेल ही आशा ठेवू नका. पत्र मिळालं तर आरसी, पॉलिसी आणि एक्सलचं पक्कं बिल जोडून अर्ज करा. झालेला बदल १४ दिवसांत कळवायचा असतो, तो उशीर अर्जात सरळ लिहा, तारीख मागे ढकलू नका. भंगारवाल्याने चिठ्ठीच दिली असेल तर त्याच्याकडून बिल मागा, कारण तो एक्सल कुठल्या गाडीचा असा प्रश्न येणारच. ट्रॉली तपासणीला न्याल तेव्हा चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. पाटे बसवताना तिथे ग्राइंडर फिरलाय का, हे आजच पुसून बघा. अंक अर्धवट झाले असतील तर स्वतः पंच मारू नका, आरटीओला लेखी कळवा.

पत्र मिळालं नाही, तर जुन्या मापाचा नवा एक्सल बसवा, पाटे-टायर मूळ मापाचे करा आणि आरसीवरच्या वजनात खेपा घ्या. खेपा वाढतील, डिझेल जास्त लागेल, हे मला कळतं. तरी माझा सल्ला तोच. आणि तोवर ही ट्रॉली रस्त्यावर काढू नका, रिकामीसुद्धा.