उड्डाणाआधी विमान हलवून का पाहतात?

प्रश्न : नवे विमान पहिल्या उड्डाणापूर्वी रबरी दोरांवर टांगून यंत्रांनी हलवतात, असे वाचले. तेथे वारा नसताना त्यातून काय कळते? आणि त्यात विमान मोडणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरी शंका आधी घेतो. ही ताकदीची परीक्षा नव्हे. दिलेले हादरे इतके हलके असतात की पंखाची हालचाल बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तसेच हे आहे. मात्र येथे नाद ऐकतात ते पंख, धड आणि शेपटीवर चिकटवलेले शेकडो त्वरणमापक, म्हणजे हालचालीचा वेग कसा बदलतो ते टिपणारी छोटी उपकरणे. पंख कोणत्या कंप्रतेला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांनी, वर-खाली वाकतो, कोणत्या कंप्रतेला पिळला जातो आणि तो कंप किती लवकर विरतो, हे त्यांतून मोजले जाते. विमान हवेत मोकळे असते, म्हणून जमिनीवरही ते मोकळे असल्यासारखे वागावे यासाठी रबरी दोर, हवेच्या उशा किंवा हवा कमी केलेले टायर यांचा मऊ आधार देतात.

वारा नसतो हे खरे, आणि तो नकोच असतो. वेग वाढला की हवेच्या बलांमुळे वाकण्याच्या आणि पिळण्याच्या कंप्रता एकमेकींकडे सरकू शकतात. त्या जुळल्या, तर पंख वाहत्या हवेतूनच ऊर्जा घेऊन अधिकाधिक फडफडू लागतो आणि काही सेकंदांत तुटू शकतो. यालाच फ्लटर म्हणतात. तो कोणत्या वेगाला सुरू होईल हे गणिताने काढतात, पण त्या गणितातले सांगाड्याचे आकडे संगणकाने अंदाजलेले असतात, आणि खरे सांधे व रिव्हेट अंदाजाप्रमाणे वागतीलच असे नाही. जमिनीवरच्या मोजणीने ते आकडे दुरुस्त होतात.

आकडा थोडा ढळल्याने काय होते, हे लॉकहीड इलेक्ट्रा या पंखे (प्रोपेलर) लावलेल्या प्रवासी विमानाने दाखवले. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमध्ये आणि १७ मार्च १९६० रोजी इंडियानात या जातीच्या दोन विमानांचे पंख हवेतच तुटले आणि एकूण ९७ जण दगावले. इंजिनाचा आधार कमकुवत झाल्यास पंख्यासह इंजिन भोवऱ्यासारखे डुलू लागते, त्या डुलण्याची कंप्रता उतरत जाऊन पंखाच्या कंप्रतेशी जुळते, असे तपासात निघाले. शाबूत आधाराची मोजणी एवढ्यावर थांबणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही. एखादा भाग सैल किंवा निकामी झाल्यास काय होईल, याचेही गणित मांडावे लागते. पुढे चाचणी-वैमानिक वेग टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक टप्प्यावर कंप विरतो की नाही ते तपासतो, आणि लढाऊ विमानाच्या पंखाखाली नवी टाकी किंवा क्षेपणास्त्र लावायचे झाले, तर वजन बदलल्यामुळे हा हिशेब पुन्हा करावा लागतो.