खालून घट्ट बसलेल्या लहान मुलाच्या कार सीटचा वरचा पट्टा लावायलाच हवा का?

ताई, तुमची मुलगी साडेतीन वर्षांची. समोर तोंड करून बसायची तिची चाइल्ड सीट तुम्ही आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत अशी सीट अडकवायला दिलेल्या, दोन कड्यांत बसवली आहे, ती खालून जराही हलत नाही, म्हणून मागे लोंबकळणारा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, लावायची गरज नाही असं घरचे म्हणतात. माझं उत्तर: लावा, आणि पुढच्या फेरीच्या आधी लावा.

मी आर्वी तालुक्यात राहतो. आमच्या मोठ्या मुलीच्या वेळी मीही तुमच्या घरच्यांसारखाच विचार केला होता. सीट हलवून पाहिली, टस की मस होईना, मग तो पट्टा गुंडाळून सीटमागे खोचून दिला. एका संध्याकाळी तळेगावच्या रस्त्यावर पऱ्हाटीतून रोही (नीलगाय) निघाला आणि थेट गाडीपुढे आला. ब्रेक करकचून दाबला. धडक झाली नाही, कोणाला लागलं नाही. पण माझी बायको मागे लेकराशेजारी बसली होती, तिने पाहिलं की सीटचा बूड जागेवर होता आणि वरचा भाग मात्र मुलीसकट पुढे झुकून परत आला. नुसत्या ब्रेकने. त्या रात्री मी सीटसोबत आलेलं पुस्तक पहिल्यांदा वाचलं.

आपल्या काळ्या मातीत विजेचे खांब कसे कलतात ते तुम्ही रोज पाहता. खांब खाली कितीही खोल रोवा, वाऱ्याचा जोर वर लागतो, म्हणून वरून ताण दिलेला असतो. सीटचंही तसंच आहे. आयसोफिक्सची कडी तिचा तळ धरतात. धडकेत तळ जागेवर राहतो आणि वरची बाजू त्या कड्यांभोवती पुढे फिरते. आणि वरच्याच बाजूला काय आहे? लेकराचं डोकं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान अजून कोवळी. टॉप टेदर नीट लावलेला असला तर धडकेत डोकं साधारण ४ ते ६ इंच कमी पुढे जातं. हॅचबॅकमध्ये मागे बसून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर हाताने मोजून पाहा, मग त्या ४ इंचांची किंमत कळेल.

माझी आई म्हणायची, "लेकराले असं कायले बांधतं रे बाबू, दे माह्या मांडीवर." तिची माया खरी आहे, पण हिशेब वेगळा आहे. १४ किलोचं मूल, गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, आणि धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी ते मूल हाताला सुमारे दोन क्विंटलचं लागतं. दोन क्विंटल कोण धरून ठेवील? कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं आहे: १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये नसेल तर १००० रुपये दंड.

आता खरी अडचण, पट्टा अडकवायचा कुठे? सेडानमध्ये कडी बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर प्लास्टिकच्या झाकणाखाली असते. हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या पाठीच्या मागच्या अंगाला, म्हणजे डिक्की उघडल्यावर दिसते. मोठ्या गाड्यांत कधी डिक्कीच्या तळाशीही असते. तिच्यापाशी नांगराचं छोटं चिन्ह असतं (जहाजाचा नांगर, शेतातला नव्हे). डिक्कीत सामान बांधायचीही कडी असतात. आमच्या एका नातेवाइकाने पट्टा सहा महिने त्यातल्याच एकीला लावला होता, आणि घट्ट बसल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. ती कडी पोतं सरकू नये म्हणून असते, धडकेचा जोर तिच्यावर टाकू नका. गाडीच्या पुस्तकातलं चित्र पाहूनच खात्री करा.

आपल्याकडे नवी गाडी आली की आधी रेक्झिनचे कव्हर चढतात, आणि कडी त्याखाली बुजतात. कव्हरवाल्याला दाखवून तेवढ्याच जागी चीर द्यायला सांगा. डिक्कीत सीएनजीची टाकी बसवली असेल तर हात आत जातो का, पट्टा सरळ ताणता येतो का, हे आधी बघा. येत नसेल तर सीटची जागा किंवा गाडी बदलावी लागेल, पट्टा सोडून देणं हा त्यावरचा उपाय नाही.

लावताना आधी खालची दोन्ही कडी पक्की करा. मग हेडरेस्ट वर उचलून, एकच पट्टा असेल तर तो तिच्या दोन दांड्यांमधून न्या. इंग्रजी व्ही आकाराचा असेल तर दोन्ही बाजूंनी. पण तुमच्या सीटच्या पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं. पट्ट्याला पीळ नको. हूक अडकवला की ढील पूर्ण निघेपर्यंत ओढा. मग सीटचा माथा धरून पुढे ओढून पाहा, फरक तुमच्या हातालाच कळेल.

काही सीटला पट्ट्याऐवजी पुढे जमिनीला टेकणारा पाय असतो, तुमच्या सीटला पट्टाच आहे म्हणून त्याचं सांगत बसत नाही. धाकटं बाळ पाठमोऱ्या सीटमध्ये असेल तर हा नियम त्याला जसाच्या तसा लावू नका, त्या सीटचं पुस्तक वेगळं.

शेवटची गोष्ट आमच्या घरात दोनदा घडली. सोयाबीनची पोती आणायला मागची सीट पाडली, त्यासाठी हूक काढला, आणि परत लावायचा राहून गेला. लेकरू बसवलं, खालचं सगळं पक्कं, वरचा पट्टा पुन्हा मोकळा. म्हणून आता गाडीतून माल आला की दुसऱ्या दिवशी निघण्याआधी डिक्की उघडून हुकाला हात लावून बघतो. आमच्याकडे हे काम मुलीच्या आजोबांनी स्वतःकडे घेतलं आहे.