रविवार आधीच कोणाला तरी देऊन टाक

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

‘ही नको ती खरेदी थांबवू कशी?’ हा तुझा मेसेज आणि सोबतची यूपीआयवरच्या खर्चाची यादी मिळाली. बँकेतली जुनी सवय, त्यामुळे यादी ओळीओळीने पाहिली. रकमांपेक्षा वेळांकडे माझं जास्त लक्ष गेलं. सोमवार ते शुक्रवार तुझी खरेदी जवळजवळ नाहीच. सकाळी मिहानमधल्या ऑफिसची कॅब, रात्री परत, मेसचं जेवण, झोप. कुर्ते, कानातले, मोबाइलची कव्हरं, तो एअर फ्रायर, सगळं शनिवार-रविवारी दुपारी तीन ते सातमध्ये, नाहीतर रात्री अकरानंतर. तुला वस्तूंची एवढी हौस असती, तर कपाटातल्या तीन कुर्त्यांना अजून दुकानाची लेबलं लटकलेली नसती. तुझ्याकडे वेळ रिकामा पडतो आणि तो भरायला सगळ्यात जवळ फोन असतो.

ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाक, सेलची नोटिफिकेशन्स बंद कर, हे सगळे सांगतात आणि ते करच. पण त्या तीन ते सातचं काय? खरेदीला कोणी बोलवावं लागत नाही, वेळ ठरवावी लागत नाही, सोबत लागत नाही, आणि पार्सल येईपर्यंत दोन दिवस वाट पाहायला काहीतरी मिळतं. बाकी कुठल्याही गोष्टीला थोडी जुळवाजुळव लागतेच. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी दुपारी पलंगावर पडल्या पडल्या ती जमत नाही. म्हणून ती बुधवारीच करून ठेवायची. एखाद्या माणसाला वेळ देऊन टाकायची, म्हणजे ऐनवेळी कंटाळा आला तरी तिथे कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या लाजेने का होईना, आपण उठतो.

आता नागपूरचं म्हणशील तर आधी उन्हाचा विचार कर. पुण्या-मुंबईची माणसं लिहितात, संध्याकाळी बागेत फिरा, टेकडीवर जा. त्यांना मे महिन्यात एकदा व्हरायटी चौकात आणून उभं करावं. पारा 45 च्या वर गेला की सूर्य बुडल्यावरही डांबर तापलेलंच असतं. लोक मॉलमध्ये काहून जातात? निम्मे तर गारव्यासाठीच जातात. आत गेल्यावर रिकाम्या हाताने बाहेर यायचं बरं दिसत नाही म्हणून काहीतरी घेतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण तू मार्च ते जूनचा रविवार दोन भागांत वाटून घे. नऊपर्यंत बाहेर, आणि अकरानंतर छपराखाली.

सकाळच्या भागासाठी माझी पहिली शिफारस धनेशाची. राखी धनेश म्हणजे हॉर्नबिल. लांब वाकडी चोच, चोचीवर छोटंसं शिंग, आणि अंगापेक्षा शेपूटच मोठी वाटावी असा पक्षी. तो बघायला लोक कुठल्या कुठल्या जंगलात जातात. आपल्याकडे तो महाराजबागेत दिसतो, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर दिसतो, सेमिनरी हिल्सला दिसतो. वड, पिंपळ, उंबर पिकले असतील तिथे मान वर करून उभं राहायचं. आणि आत्ता, मार्चमध्ये, त्यांच्या घरट्यांचे दिवस सुरू होतात. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना फळं, किडे भरवत राहतो. एखादी ढोली सापडली तर लांबूनच बघायची, खाली घोळका करायचा नाही, फोटो टाकून जागा सांगत सुटायचं नाही. नर आला, लपूनछपून बसला, इकडे तिकडे पाहिलं, गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीत दिलं आणि गेला, एवढं बघण्यात एक सकाळ आरामात जाते. पुढच्या रविवारी तुला आपोआप वाटेल, काय झालं असेल तिचं?

एक इशारा मात्र इथेच देते. बाजार इथेही येतो. पक्षी बघायचे म्हटलं की दुर्बीण हवी, मग चांगली दुर्बीण हवी, मग खिशांची पॅन्ट, मग कॅमेरा. सायकलीचं तेच, चित्रकलेचं तेच, योगाचं तर विचारूच नकोस. छंद सुरू होण्याआधी त्याचं सामान घरात येतं, आणि सामान आलं की छंद जडल्यासारखं वाटून माणूस थांबतो. माझ्या ओळखीत एका घरी गिटार आहे, तिचं कव्हर तेवढं धुतलं जातं. तेव्हा पहिल्या पावसापर्यंत काही म्हणजे काही विकत घ्यायचं नाही. धनेश नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तांबट आणि टकाचोर ओळखायला मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाज ऐकून नाव सांगतं. अधूनमधून चुकतं, पण मीही चुकते. पावसाळ्यानंतर अंबाझरी, गोरेवाड्याच्या पाण्यावर बदकं उतरतील, तेव्हा दुर्बिणीचं बघू. तोवर माझी घेऊन जा.

अकरानंतरचं छप्पर. अजब बंगला तू बाहेरून पाहिला असशील. मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं. शाळेच्या सहलीत लोक तो अर्ध्या तासात संपवतात आणि मग जन्मभर फिरकत नाहीत. एका दिवशी एकच दालन बघ. शिलालेखांचं दालन बघायचं तर तेवढंच, आणि एक दगड निवडून त्याच्यासमोर उभं राहायचं. तिकीट किरकोळ आहे. सोमवारी बंद असतो, त्याचा तुला प्रश्नच नाही.

गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र मात्र तुझ्या भाच्याला घेऊन कर, एकटीने तिथे फार मजा नाही. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. आमच्याच पंथाचे म्हण ना! काही काळ त्यांची बदली नागपूरलाही झाली होती. कोलकात्यात ते ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जाऊन बसत, असं वर्षानुवर्षं केलं, आणि 1917 मध्ये नोकरी सोडून प्राध्यापक झाले. 1930 चं नोबेल तुला ठाऊक आहेच. तू नोबेल आणावंस असं काही मी म्हणत नाही, पण ऑफिसनंतर दमलेला माणूस काहीच करू शकत नाही, असं तू मागच्या वेळी म्हणालीस, ते हिशेब खात्यातल्या बाईला पटलं नव्हतं.

त्याच तलावाच्या बाजूला एम्प्रेस मॉल. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला तिथे सुरू झाली होती. हजारो माणसांनी जिथे कापड विणलं, त्या जमिनीवर पुढे कापड विकायला मॉल उभा राहिला. महालात फिरायला जाशील तेव्हा तिकडून जा. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, मग आतल्या गल्ल्या, वाडे. हे थंडीत. आत्ता नाही.

कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय तुझ्यासाठी खास सांगते. तुझे आजोबा नागभीडहून ज्या गाडीने नागपूरला यायचे ती अडीच फुटी रुळांवरची गाडी 2019 मध्ये थांबली, मोठा रूळ टाकायचा म्हणून. तसली इंजिनं, डबे, सिग्नलचे कंदील तिथे ठेवलेत. आजोबांना व्हिडिओ कॉल लाव आणि फोन त्या डब्यांसमोरून फिरव. ते बोलायला लागले की मध्ये थांबवू नकोस. जमलं तर लिहून घे, कोण कुठल्या स्टेशनावर चढायचं, डब्यात काय विकायला यायचं. ही वही भरायला लागली तर तुझे पुष्कळ रविवार त्यातच जातील.

ग्रंथालयाचं मी दरवेळी बोलते म्हणून तू हसतेस. हस. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, संघ 1923 पासूनचा. आणि दुपारी दोन तास पंख्याखाली कोणी काही विकत घे म्हणत नाही अशी शहरात फार जागा उरलेली नाही. ग्रंथालयाचा दुसरा फायदा असा की पुस्तक परत करायची तारीख असते. ती तारीख तुला पुन्हा बाहेर काढते.

संध्याकाळचं तर मी नागभीडच्या पोरीला काय शिकवणार! झाडीपट्टीत वाढलीस, मंडपात रात्रभर बसून नाटक बघितलंयस, आणि इथे येऊन शनिवारी रात्री एकटी मोबाइलवर मालिका बघतेस. राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची नाटकं साधारण दिवाळीनंतर असतात, तिकीट प्लेटभर तर्री-पोह्याहून स्वस्त. काही नाटकं वाईट असतात. वाईट नाटकानंतरची चर्चा चांगली होते, म्हणून दोघी-तिघी मिळून जा. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांना बऱ्याचदा तिकीटच नसतं, वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’वर नजर ठेव. बाकी मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमीवरची पुस्तकांची दुकानं, 1 मे ला उघडणारा सीताबर्डीचा किल्ला, हे आपल्या आपल्या तारखांना येतं. कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेव. किल्ला लष्कराकडे आहे, ओळखपत्र घेऊन जा.

आणि 26 मे. त्या दिवशी, एखादा दिवस इकडे तिकडे, दुपारी साधारण 12 वाजून 10 मिनिटांनी सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. आपण 21 अंशांवर आहोत, कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून आपल्याला हे मिळतं. दिल्लीवाल्यांना कधीच नाही. गच्चीवर एक बाटली उभी करायची, डोक्याला दुपट्टा बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा आणि पाच मिनिटांत खाली यायचं. जुलैच्या मध्यानंतरही असंच एकदा होतं, पण तेव्हा ढग असतात.

रात्री अकरानंतरच्या खरेदीला यातलं काही लागू पडत नाही. तिची जात वेगळी आहे. तेव्हा तुला घरची आठवण येत असते, हे तुझ्या आईने मला सांगितलं. तू सांगितलं नाहीस. यावर मला एकच ठाऊक आहे. साडेनवाला आईला फोन, आणि त्यानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तिथे तो एअर फ्रायर आहेच सोबतीला. हवं तर हातात सुई-दोरा घे. त्या तीन कुर्त्यांपैकी एक मापात नाही म्हणून पडलाय ना? बाजूची शिवण उसवून आत घेणं मी तुला एका बैठकीत शिकवते. उरलेले दोन वापरायला काढ, नाहीतर तुझ्या रूममेटला दे. थंडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की तिला आणि तुला दोघींना सांभारवड्या शिकवायच्या आहेत, ते वेगळं. त्याला आख्खा दिवस लागतो आणि चार जणी लागतात, एकटीने करायचा तो पदार्थच नाही.

पैशाचा तक्ता मांडायचा असेल तर तीन महिन्यांनी मांडू. आत्ता मांडलास तर तुला फक्त अपराधी वाटेल, आणि तसं वाटलं की माणूस पुन्हा काहीतरी मागवतो.

तर, येत्या रविवारी सकाळी सातला महाराजबागेच्या फाटकापाशी ये. जयप्रकाशनगरहून मेट्रोने सीताबर्डीला उतर, तिथून चालतच ये. पाण्याची बाटली घरून भरून आण. नऊ वाजता कस्तुरचंद पार्ककडे तर्री-पोहे खाऊ, पैसे मी देईन. येणार नसशील तर शनिवारी रात्रीपर्यंत कळव, कारण मी येऊन उभी राहणार आहे आणि माझे गुडघे दुखतात.

तुझी,
मावशी