प्रथिनांसाठी डाळ, अंडी की पनीर? पोषण आणि पर्यावरण, दोन्ही बाजूंनी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ६० किलो, घरात मांस-मासे होत नाहीत, अंडी चालतात. प्रथिनं वाढवायची आहेत, पर्यावरणाला झळही कमी लागावी. मग रोज पनीर खावं का?

माझ्या मते नको. शाकाहारी म्हणजे आपोआप पर्यावरणाला हलकं, ही समजूत नेमकी पनीरपाशी कोलमडते.

आधी गरज बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज ५० ग्रॅम. पण बहुतेक प्रथिनं धान्य-डाळीतून येत असतील तर किलोमागे १ ग्रॅम धरा, कारण ती अंड्या-दुधाइतकी पूर्ण पचत नाहीत. म्हणजे ६०.

आता ताटाचा हिशोब. पोळी-भाकरीचं २०० ग्रॅम पीठ: २० ग्रॅम प्रथिनं. १०० ग्रॅम तांदूळ: ८. पाव लिटर दूध: ८. राहिली डाळ, आणि घोळ इथेच होतो. ‘१०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम’ हा आकडा कच्च्या डाळीचा आहे. पातळ आमटीच्या वाटीत कच्ची डाळ जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चारच. दोन वेळच्या दोन वाट्या धरून बेरीज ४४ वर थांबते.

उरलेले १५-१६ ग्रॅम तीन तऱ्हांनी भरता येतात: दोन अंडी आणि थोडी घट्ट आमटी, किंवा ३० ग्रॅम सुके सोया चंक्स, किंवा ८०-८५ ग्रॅम पनीर. घट्ट आमटी म्हणजे माणशी, एका वेळेला ३० ग्रॅम कच्ची डाळ. एकदा काट्यावर मोजा. आपण किती पाणी वाढवतो ते लगेच कळतं.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसीन डाळीत भरपूर, मेथिओनीन कमी. धान्यात नेमकं उलट. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठलं या जोड्या म्हणूनच जमतात. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं. बी-१२ मात्र डाळीत नाही. ते दूध, अंडी, मासे-मांस यांतूनच मिळतं; दूध-अंडी दोन्ही सोडणार असाल तर गोळी घ्यावीच लागते.

पर्यावरणासाठी जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास धरतो. १०० ग्रॅम प्रथिनांमागे हरितगृह वायू, कार्बन डायऑक्साइडच्या मापात: खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस ५० किलो, शेळी-मेंढीचं मटण २०, चीज ११, दूध साधारण साडेनऊ, कोंबडी ५.७, अंडी ४.२, टोफू २, डाळी-कडधान्यं १ च्या आत. पनीरचा आकडा त्यात वेगळा दिलेला नाही, पण म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधात किलोभर पनीर होतं, तेव्हा ते दुधाच्या पंगतीतच बसवावं लागतं. म्हणजे अंड्याच्या दुप्पट. हे जगाचे सरासरी आकडे आहेत. आपल्याकडची जनावरं कडब्या-पेंडीवर जगतात, त्यांच्यासाठी वेगळी जमीन कमी लागते. पण दूधही कमी देतात, त्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त पडतो.

तुरीची बाजू याच्या उलट. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून युरिया फारसा लागत नाही. सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत आंतरपीक म्हणून ती सहज जाते. (भात मात्र वनस्पती असूनही निर्दोष नाही; साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो.)

तुमच्या जागी मी आठवड्यात चार दिवस सोया किंवा घट्ट डाळ-उसळ, तीन दिवस अंडी आणि पनीर आवडीपुरतं असं ठेवीन. उसळीवर लिंबू पिळा, लोह नीट शोषलं जातं. जेवणाला लागून चहा घेतलात तर ते पुन्हा घटतं.

सोया चंक्सना वास येतो अशी तक्रार असते. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिळा, गार पाण्यातून दोनदा काढून पुन्हा घट्ट पिळा, मग रस्श्यात टाका. गव्हात सोयाबीन दळून आणणार असाल तर कच्चं देऊ नका. त्यातलं ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनं पचू देत नाही, आणि पोळी तव्यावर इतकी कमी वेळ असते की ते पुरतं मरत नाही. सोयाबीन उकळत्या पाण्यात २५ मिनिटं शिजवा, कडकडीत वाळवा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने गिरणीत द्या.