एच४ वर येताय आणि ड्रेसिंगचं बिलिंग करायचंय, तर हे वाचा

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार वर्षं एआर कॉलिंग, म्हणजे अडकलेल्या बिलांसाठी विमा कंपन्यांना फोन करायचं काम, केलंय, आता मिस्टरांबरोबर न्यू जर्सीला येताय, आणि जखमांच्या ड्रेसिंगचा माल पुरवणाऱ्याकडे बिलिंगचं काम मिळेल का. आधी व्हिसाचं बघा. एच४ वर, म्हणजे एच१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडी हा कामाचा परवाना हातात आल्याशिवाय काम करता येत नाही आणि ते साधारण मिस्टरांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर झाल्यावरच मिळतं. तोवर सीपीसी ही मेडिकल कोडिंगची परीक्षा देऊन टाका, १०० प्रश्न, चार तास, कोडची पुस्तकं सोबत नेता येतात.

पण कोड पाठ करत बसू नका, ड्रेसिंग हातात घेऊन मोजपट्टीने मोजायला शिका. समजा फोम ड्रेसिंग बाहेरून ६ बाय ६ इंच आहे, पण मधला पॅड ४ बाय ४ चाच. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, चिकट कडा धरत नाही, म्हणजे १६ चौरस इंच, कोड ए६२१२. नवीन माणूस ३६ धरून ए६२१३ टाकतो आणि ऑडिटमध्ये अडकतो. ए१ ते ए९ मॉडिफायरचंही तसंच, म्हणजे ड्रेसिंग किती जखमांवर लागतं ते सांगणारी कोडपुढची खूण, पेशंटला जखमा चार असतील पण हे ड्रेसिंग दोनवरच लागत असेल तर ए२. आणि दर महिन्याची जखमेची नोंद फाइलला हवीच, लांबी रुंदी खोली, पाणी किती येतं, सगळं.

सगळ्यात जास्त क्लेम मी होम हेल्थमुळे, म्हणजे एजन्सीकडून पेशंटला घरी मिळणाऱ्या सेवेमुळे, गेलेले पाहिलेत. एजन्सीची घरी सेवा चालू असेल तर ड्रेसिंगचे पैसे त्या एजन्सीच्याच पेमेंटमध्ये धरलेले असतात, आपलं वेगळं बिल नाकारलं जातं. माझ्या पहिल्या नोकरीत एका आजींच्या मुलीला मी विचारलं, नर्स येते का, ती म्हणाली नाही, मी ड्रेसिंगचा खोका पाठवायला लावला, क्लेम परत आला कारण एजन्सीचा फिजिओथेरपिस्ट येत होता आणि तेही होम हेल्थच की! कंपनीने पुढचा खोका थांबवला, आणि आजींचा फोन आला की उद्या पायाला काय बांधू. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ऑनलाइन पोर्टलवर एजन्सीच्या सेवेच्या तारखा कधीकधी उशिरा दिसतात, म्हणून पोर्टल बघाच पण फोनवर नुसतं नर्सचं नका विचारू, घरी तपासायला, व्यायाम करून घ्यायला, कुणीही येतं का असं विचारा, आणि हो म्हणाले तर एजन्सीचा नंबर तिथेच घेऊन आधी त्यांना फोन करा.