‘शेवट नको होता’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : दोन वर्षं गूढकथा लिहितोय. छोट्या वाङ्मयीन मासिकांना सहा कथा पाठवल्या, चार साभार परत आल्या आणि दोघांचं काही उत्तरच नाही. एका संपादकांनी फक्त ‘वातावरण छान, शेवट नको होता’ एवढं लिहिलं. ही मंडळी अशा कथांना हलकं समजतात का? ती कथा सोबत पाठवतोय, वाचून सांगाल?

उत्तर : वाचली. आधी त्या एका ओळीबद्दल सांगते, कारण तुम्ही ती नकारात मोजलीय आणि मला ती तुमच्या हाती लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. ही मासिकं बहुतेक दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून रात्री चालवतात, त्यातलं कुणी ठरावीक साभार परतच्या मजकुराऐवजी स्वतःची ओळ टाइप करतं तेव्हा कथा त्यांच्या डोक्यात थोडी तरी राहिलेली असते. त्यांना पुढची कथा नक्की पाठवा.

आता शेवट. तुमचा माणूस रोज घरी येतो आणि वरच्या खोलीतली खुर्ची दाराकडे वीतभर सरकलेली असते, इथपर्यंत मी मान वर न करता वाचलं. मग शेजारी येतो आणि दीड पान त्या खोलीचा इतिहास सांगत बसतो, कोण कधी मेलं, का मेलं वगैरे, आणि तिथे माझी भीती संपली, कारण आता मला सगळं कळलं होतं ना! गंमत म्हणजे शेवट तुम्ही लिहिलेलाच आहे, चौथ्या पानाच्या मध्यावर, कुणाला दिसणार नाही असा : ‘त्या दिवशी खुर्ची जागेवरच होती. बसायची जागा मात्र कोमट होती.’ थांबा ना तिथेच. शेजाऱ्याला सुट्टी द्या.

हलकं समजण्याबद्दल म्हणाल तर हो, काही जण समजतात, उगाच खोटं कशाला सांगू. पण हे दुखणं जुनं आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’ ही भयकथा आधी बोस्टनच्या एका मासिकाने परत केली होती, जरा शांत काहीतरी पाठवा अशा अर्थाचं कळवून. मग १८४३च्या जानेवारीत ती ‘द पायोनियर’ नावाच्या अगदी नव्या मासिकात आली आणि ते मासिक तीन अंकांत बंद पडलं. कथा अजून वाचली जातेय. आणि त्यातल्या खुन्याला लाकडी जमिनीखाली पुरलेल्या माणसाच्या हृदयाचा जो ठोका ऐकू येतो तो खरा की त्या खुन्याच्याच कानातला, हे पोने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही!

ज्या दोघांचं उत्तर नाही त्यांच्या नियमावलीत किती दिवस थांबा म्हटलंय ते बघा. तीन-चार महिने म्हणजे काहीच नाही, त्यानंतर एक साधा मेल टाका, एकच. आणि पाठवण्याआधी त्या मासिकाचे निदान दोन अंक वाचा हो, रक्तबंबाळ भुताची कथा नको असलेल्या अंकाला कोमट खुर्ची चालू शकते.

प्रश्न : माझी एक भयकथा फेसबुकवर टाकली होती, बऱ्याच जणांनी शेअर केली. आता काढून टाकली तर मासिकाला पाठवता येईल?

उत्तर : काढली तरी बहुतेक संपादक ती ‘पूर्वप्रकाशित’च धरतात, कारण त्यांना हवा असतो तो पहिल्या प्रसिद्धीचा हक्क आणि तो तुम्ही लाइक्सवर खर्च करून बसलात. लपवू नका, मेलमध्ये सरळ सांगून विचारा, काही मासिकं पुनर्मुद्रण घेतात. पुढे कुणी करार पाठवलाच तर हक्क तुमच्याकडे परत कधी येतात ते आधी शोधा. सहा महिने-वर्षभर दुसरीकडे छापू नका म्हणणं ठीक आहे, पण ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं, त्यात सिनेमाचेही, आणि बदल्यात फक्त अंकाची एक प्रत, तर मी सही करणार नाही.

प्रश्न : एकच कथा एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवली तर चालतं का? आणि सोबतच्या पत्रात काय लिहू?

उत्तर : नियमावलीत चालेल म्हटलं असेल तर बिनधास्त पाठवा, नसेल तर विचारून घ्या. एकीकडे स्वीकारली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवायचं, दोन मासिकांनी एकदम छापली तर दोन्ही दारं बंद. पत्रात कथेचं नाव, शब्दसंख्या आणि तुमच्याबद्दल एक ओळ. कथेत काय होतं ते सांगू नका, ‘शेवटी कळतं की तो आधीच मेलेला असतो’ असं पत्रातच वाचल्यावर कथा कोण उघडेल? (आणि खरंच तो आधीच मेलेला असेल तर पाठवण्याआधी परत एकदा विचार करा, असे मेलेले निवेदक संपादकांकडे ढिगाने येतात.) फाइलचं नाव ‘फायनल फायनल २’ नको, कथेचं नाव पुरे.